छत्तीस फोटो, एकच लेन्स: फोटोग्राफीतल्या बंधनांची पार्श्वभूमी

झूमच्या रिंगला चिकटपट्टी लावून दिवसभर एकाच फोकल लेंथवर (लेन्स किती जवळचं किंवा रुंद दाखवते ते ठरवणारं, मिमीतलं माप) काम करायचं, छत्तीस फोटो झाले की कॅमेरा बॅगेत ठेवायचा, असे नियम हौशी फोटोग्राफर आज आपणहून लावून घेतात. त्यातला छत्तीसचा आकडा फिल्मच्या लांबीतून आला.

कॅमेरा बनवणारे ऑस्कर बार्नाक यांनी जर्मनीत सिनेमाची 35 मिमी फिल्म छोट्या कॅमेऱ्यात वापरली. सिनेमाची 18×24 मिमीची फ्रेम दुप्पट करून 24×36 मिमी केली, सुमारे 1.6 मीटर पट्टीत असे 36 फोटो बसतात. 1925 मध्ये त्यांचा हा कॅमेरा, लायका, लोकांपुढे आला तेव्हा त्याची 50 मिमीची लेन्स काढताच येत नसे. लेन्स बदलायची सोय 1930 मध्ये झाली. तोवर मोठा चेहरा हवा असेल तर पुढे जायचं, एवढाच मार्ग होता.

सोय झाल्यावरही फ्रेंच फोटोग्राफर आन्री कार्तिए-ब्रेसाँ मुख्यतः 50 मिमीवरच राहिले, फ्लॅश टाळला आणि डार्करूममध्ये फ्रेम कापायलाही (फोटोच्या कडा छाटायलाही) त्यांचा विरोध होता. पॅरिसच्या सें-लाझार स्टेशनामागे 1932 मध्ये टिपलेला, डबक्यावरून झेपावणाऱ्या माणसाचा त्यांचा फोटो मात्र कापलेला आहे. तो कुंपणाच्या फटीतून घ्यावा लागला आणि कडेला कुंपण आलं होतं.

त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजन कनिंगहॅम वगैरे फोटोग्राफरांनी ‘ग्रुप एफ/64’ काढला. इथे बंधन यंत्राने घातलेलं नव्हतं, ठरवून घेतलेलं होतं. चित्रासारखे धूसर फोटो नकोत, सगळं धारदार हवं, म्हणून लेन्सचं छिद्र अगदी बारीक; एफपुढचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान. एफ/8 पासून एफ/64 पर्यंत सहा स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा), म्हणजे चौसष्टपट वेळ प्रकाश घ्यावा लागतो: 1/125 सेकंदाचं काम अर्ध्या सेकंदावर जातं. ट्रायपॉड अटळ, आणि वारा सुटला की झाडाची पानं पुसट. हे आज छोट्या सेन्सरवर जसंच्या तसं करू नये. तिथे एफ/16 च्या पुढे विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) फोटो मऊ पडतो. त्यांची निगेटिव्ह 8×10 इंचांपर्यंत मोठी असे आणि तिचा प्रिंट त्याच आकारात निघे, म्हणून ते खपून जाई.

आपल्याकडे ही शिस्त आगफा क्लिक-3 या साध्या कॅमेऱ्याने घराघरांत पोचवली. 120 च्या रोलवर 6×6 सेंटिमीटरचे बारा फोटो, फोकस ठरलेला. फार जवळ गेलं की चेहरा धूसर, म्हणून मंडळींना अंगणात, उजेडात, चार पावलं लांब उभं करायचं. एक फोटो फुकट गेला तर रोलचा बारावा हिस्सा गेला, आणि ते कळायचं रोल धुऊन आल्यावर.

डिजिटलने हा खर्च संपवला आणि त्याबरोबर थांबून बघणंही बरंचसं गेलं. ते परत आणायचं तर एका वेळी एकच बंधन घ्यावं. चार एकदम घेतली तर कशाने फरक पडला ते कळत नाही. पहिलं बंधन लेन्सचं असावं, कारण अंतराचा अंदाज त्यानेच बसतो. फुलफ्रेमवर (24×36 मिमीच्या सेन्सरवर) 35 मिमी, एफ/8 आणि फोकस 3 मीटरवर ठेवला तर साधारण 1.9 ते 7 मीटरमधलं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. बाजारात, जत्रेत फोकसला हात लावावा लागत नाही. 50 मिमीवर हाच पट्टा जेमतेम 2.3 ते 4.2 मीटर उरतो. फोनवर चिमटीने झूम करू नका: नुसती फ्रेम कापून दुप्पट झूम केला तर पिक्सेल पाव उरतात.

कृष्णधवलचं बंधन घेताना रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) आणि जेपेग (तयार फोटो) दोन्ही चालू ठेवा. स्क्रीनवर प्रकाश-सावलीच दिसते, रंग रॉ फाइलमध्ये राहतात. छत्तीसचं बंधन घेतलं असेल तर मध्ये काहीही डिलीट करायचं नाही. डिलीट करून जागा परत मिळते असं एकदा झालं की सदतिसावा फोटो निघतोच.