डीव्हीडीवरचा नेमका क्षण संगणकावर का सापडत नाही : पार्श्वभूमी

सांगली-मिरज परिसरात गाण्याच्या शिकवण्या घेणाऱ्यांकडे, हौशी नाट्यसंस्थांच्या कपाटांत आणि असंख्य घरांत डीव्हीडींचे गठ्ठे अजून जपून ठेवलेले आहेत. मैफलींची चित्रणे, नाटकांचे प्रयोग, व्याख्याने, लग्ने, मुंजी असे बरेच काही त्यांत आहे आणि त्यातील पुष्कळसे दुसरीकडे कोठेही उपलब्ध नाही. या चकत्या आता संगणकावर लावल्या जातात तेव्हा एक तक्रार वारंवार ऐकू येते. गुरुजींनी सांगितलेली तान ४२ मिनिटे १८ सेकंदांवर आहे अशी वहीत नोंद असते. विद्यार्थी प्लेअरमध्ये तीच वेळ टाकतो आणि समोर येते ते मिनिटभर पुढचे किंवा मागचे काहीतरी. दुसऱ्या प्लेअरमध्ये तीच वेळ टाकली तर तिसराच भाग लागतो. मग चकती पुसली जाते, ड्राइव्ह बदलला जातो आणि तरीही फरक पडत नाही. याचे कारण बहुतेक वेळा चकतीवरच्या ओरखड्यांत नसून १९९० च्या दशकात डीव्हीडीची रचना ठरवताना वेळ आणि जागा यांचा संबंध ज्या प्रकारे सोडवला गेला त्यात आहे. म्हणून तो इतिहास थोडा तपशिलाने पाहणे आवश्यक आहे.

१९८२ साली बाजारात आलेल्या ऑडिओ सीडीवर हा प्रश्नच नव्हता. तिच्यावर एका सेकंदाला ७५ सेक्टर (माहितीचे ठरावीक आकाराचे छोटे तुकडे) असतात आणि सेक्टरचा पत्ताच मुळी मिनिट, सेकंद आणि पंचाहत्तरावा भाग अशा रूपात लिहिलेला असतो. म्हणजे वेळ सांगितली की पत्ता सांगून झाला. १९९३ साली ठरलेल्या व्हीसीडीच्या (व्हिडिओ सीडीच्या) नियमावलीने हीच शिस्त पुढे चालवली. तीत एमपेग-१ या आकुंचनाच्या पद्धतीचे चित्र सेकंदाला सुमारे ११५० किलोबिट या कायम दराने भरलेले असते. दृश्य शांत असो वा धावपळीचे, प्रत्येक सेकंदाला सारखीच जागा मिळते, त्यामुळे फाइलच्या मध्यावर उडी घेतली की कार्यक्रमाचाही मध्य सापडतो. आपल्याकडे शहरांत आणि तालुक्यांच्या गावी घरी चित्रपट पाहण्याची सवय पक्की झाली ती याच व्हीसीडीवर. एक चित्रपट दोन किंवा तीन चकत्यांत यायचा, चित्र सामान्य असायचे, पण हव्या वेळेवर जाणे अगदी नेमके जमायचे. डीव्हीडीकडूनही लोकांनी तीच अपेक्षा ठेवली आणि ती अपेक्षा गैर म्हणता येत नाही.

डीव्हीडीसमोरचे उद्दिष्ट मात्र वेगळे होते. सोनी आणि फिलिप्स यांचा एक गट व तोशिबाच्या पुढाकारातील दुसरा गट यांच्या परस्परविरोधी आराखड्यांतून १९९५ साली एक सामाईक स्वरूप ठरले. नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात आणि मार्च १९९७ मध्ये अमेरिकेत ते बाजारात आले. १३३ मिनिटांचा चित्रपट चांगल्या चित्रासह, एकाहून अधिक भाषांच्या ध्वनीसह, ४.७ जीबीच्या एका थरात बसवायचा होता. हा हिशेब केला तर सेकंदाला सरासरी ४.७ मेगाबिटच्या आसपास जागा मिळते, तर गर्दीच्या वेगवान दृश्याला एमपेग-२ पद्धतीत त्याहून पुष्कळ अधिक लागते. त्यामुळे शांत दृश्यात जागा वाचवायची आणि धावपळीच्या दृश्यात ती खर्च करायची, म्हणजेच बिटरेट (दर सेकंदाला खर्च होणारी माहिती) बदलता ठेवायचा, हा मार्ग स्वीकारला गेला. चित्राच्या दराची कमाल मर्यादा ९.८ मेगाबिट ठेवण्यात आली. चित्राच्या दर्जाच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता असे मला वाटते, पण त्याच क्षणी वेळ आणि जागा यांच्यातील सरळ प्रमाण तुटले.

त्याचा परिणाम एका हिशेबाने स्पष्ट होईल. दोन तासांच्या नाटकाचे चित्रण आहे. पहिल्या तासात दोन पात्रे बसून बोलत आहेत आणि सरासरी दर ४ मेगाबिट आहे, तर दुसऱ्या तासात हालचाल व प्रकाशयोजना अधिक असल्याने तो ६ मेगाबिट आहे असे समजू. पहिल्या तासाला १.८ जीबी आणि दुसऱ्याला २.७ जीबी जागा लागेल, एकूण ४.५ जीबी. आता एखाद्या प्लेअरने बरोबर एका तासावर जाण्यासाठी निम्म्या जागेवर, म्हणजे २.२५ जीबीवर, उडी घेतली तर पहिला तास तेथे केव्हाच संपलेला असेल आणि दुसऱ्या तासातीलही ०.४५ जीबी मागे पडलेले असेल. ६ मेगाबिटच्या दराने ती १० मिनिटे होतात. प्लेअर एक तास दाखवील आणि पडद्यावर १ तास १० मिनिटांचा प्रसंग असेल. चकती निर्दोष असताना, ड्राइव्ह नवा असताना, एवढी चूक होऊ शकते.

आराखडा करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती आणि तिच्यासाठी त्यांनी चकतीवरच निरनिराळ्या नोंदी ठेवल्या. डीव्हीडीच्या व्हिडिओ_टीएस या फोल्डरमध्ये चित्र-ध्वनी असलेल्या व्हीओबी फाइली असतात, प्रत्येकी कमाल १ जीबीच्या, आणि त्यांच्याबरोबर आयएफओ नावाच्या छोट्या फाइली असतात ज्यांत सगळा नकाशा असतो. (बीयूपी ही त्याच नकाशाची राखीव प्रत.) त्या नकाशानुसार कार्यक्रमाचे भाग (टायटल) पडतात, भागांची प्रकरणे (चॅप्टर) होतात आणि प्रकरणे सेल नावाच्या तुकड्यांची बनलेली असतात. प्रत्येक सेलचा आरंभाचा सेक्टर, शेवटचा सेक्टर आणि कालावधी आयएफओमध्ये नेमका लिहिलेला असतो. त्याखेरीज आयएफओमध्ये वेळेचा एक तक्ता असतो, ज्यात ठरावीक सेकंदांच्या अंतराने कोणता सेक्टर येतो याची नोंद असते. हे अंतर किती ठेवायचे ते चकती तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरवर सोपवलेले आहे. तिसरी नोंद थेट चित्राच्या प्रवाहात आहे. प्रवाह साधारण ०.४ ते १ सेकंदाच्या एककांत विभागलेला असून प्रत्येक एककाच्या डोक्याशी एक मार्गदर्शक पॅक असतो, आणि त्यात पुढे-मागे अर्ध्या सेकंदापासून १२० सेकंदांपर्यंतच्या ठरावीक टप्प्यांवरची एकके कोठे आहेत ते दिलेले असते.

या तीन नोंदींची अचूकता वेगवेगळी आहे आणि माझ्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ येथे आहे. सेलच्या सीमा नेमक्या आहेत, पण सेल अर्ध्या तासाचाही असू शकतो. वेळेचा तक्ता उपयुक्त आहे, पण तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका रेषेत चालणाऱ्या कार्यक्रमापुरताच आहे आणि त्यातील दोन नोंदींमधील जागा प्लेअरला अंदाजाने भरावी लागते. मार्गदर्शक पॅक बारीक आहे, पण त्याची दृष्टी दोन मिनिटांपलीकडे जात नाही. कोणती नोंद केव्हा वाचायची हे प्रत्येक प्लेअरने आपापल्या परीने ठरवले, म्हणून एकाच चकतीवर दोन प्लेअर दोन ठिकाणी जातात.

संगणकावरील खुल्या, म्हणजे ज्यांचा मूळ कोड कोणालाही पाहता येतो अशा, प्लेअरांचा प्रवास तर अधिकच खडतर होता. व्यापारी डीव्हीडींवर सीएसएस नावाचे कुलूप असते. ते १९९९ साली फुटल्यानंतरच लिनक्स या खुल्या संगणक-प्रणालीवर अशा डीव्हीडी पाहणे शक्य झाले. स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या ओगल या प्लेअरने मेनूसह डीव्हीडी चालवून दाखवली आणि त्यातूनच लिबडीव्हीडीरीड ही आयएफओ वाचणारी लायब्ररी (इतर प्रोग्रॅमांना वापरता येणारा तयार कोड) पुढे आली. तिच्या आधारावर लिबडीव्हीडीनॅव्ह उभी राहिली, आणि पॅरिसमधील एकोल सेंत्राल या संस्थेत सुरू होऊन २००१ मध्ये खुला झालेला व्हीएलसी तसेच एमप्लेअर आणि पुढे त्यातून निघालेला एमपीव्ही यांनी तिचाच आधार घेतला. हे सारे काम मूळ नियमावली हाताशी नसताना, प्रत्यक्ष चकत्या तपासून अर्थ लावत झालेले आहे, कारण ती नियमावली पैसे आणि गोपनीयतेचा करार यांच्याशिवाय मिळत नसे. अशा परिस्थितीत वेळेनुसार उडी घेण्याची सोय आधी ढोबळ झाली यात नवल नाही. जुन्या पद्धतीत हवी ती वेळ कोणत्या सेलमध्ये येते ते पाहिले जाई आणि त्या सेलच्या आत बिटरेट कायम आहे असे धरून प्रमाणाने सेक्टर काढला जाई. पुढील आवृत्त्यांत वेळेचा तक्ता वाचून उडी घेण्याची सोय जोडली गेली आणि चूक पुष्कळ कमी झाली. काही जुन्या प्लेअरांमध्ये तर पडद्यावर दिसणारी चालू वेळही अशाच प्रमाणाने काढलेली असे, म्हणजे वहीत उतरवून घेतलेली नोंदच मुळात अंदाज होती.

आपल्याकडील चकत्यांकडे या दृष्टीने पाहिले की अनेक गोष्टी उलगडतात. व्यापारी चित्रपटाच्या डीव्हीडीवर वीस-पंचवीस प्रकरणे असतात, त्यामुळे सेलच्या आतील अंदाज चुकला तरी तो पाच-सात मिनिटांच्या तुकड्यातच चुकतो. मैफलीच्या चित्रणात मात्र एक राग तासभर चालतो आणि चित्रण करणाऱ्याने मध्ये प्रकरणे पाडलेली नसतात, त्यामुळे अख्खा तास एकाच सेलमध्ये जातो. संथ आलाप, स्थिर कॅमेरा, मग द्रुत लयीत तबल्याकडे आणि श्रोत्यांकडे वळणारा कॅमेरा, असा बदल होत असेल तर जुन्या पद्धतीचा अंदाज सर्वाधिक चुकतो तो येथेच. उलट टीव्हीशेजारी ठेवण्याच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर दोन तासांच्या किंवा चार तासांच्या मोडमध्ये केलेल्या चित्रणाचा दर बराचसा समान असतो, म्हणून लग्नाची साधी डीव्हीडी पुष्कळदा सिनेमाच्या डीव्हीडीपेक्षा नीट वागते. तिची अडचण निराळी: रेकॉर्डिंग संपल्यावर चकती फायनलाइज करायची, म्हणजे तिच्यावरच्या नोंदी पूर्ण करून ती बंद करायची, राहून गेली असेल तर आयएफओमधील नोंदी पूर्ण झालेल्या नसतात आणि संगणक ती चकती ओळखतच नाही.

दुसरे एक कारण आपणच निर्माण करतो. चकती लावल्यावर फोल्डर उघडून त्यातील एखाद्या व्हीओबी फाइलवर थेट क्लिक करण्याची सवय अनेकांना आहे. असे केले की आयएफओचा नकाशा पूर्णपणे बाजूला राहतो. व्हीओबीच्या प्रवाहात स्वतःची अनुक्रमणिका नसते. त्यात ९० किलोहर्ट्झच्या घड्याळाचे वेळशिक्के असतात, पण ते कार्यक्रमाच्या मध्येच पुन्हा शून्यापासून सुरू होऊ शकतात. प्लेअर पहिला आणि शेवटचा शिक्का पाहून लांबी ठरवतो आणि मग तासाभराच्या फाइलची लांबी चार मिनिटे दिसते. अशा वेळी चकती म्हणूनच उघडावी किंवा पूर्ण फोल्डर प्लेअरला द्यावा, एवढाच उपाय आहे.

भारतात दूरदर्शन प्रक्षेपण पॅल पद्धतीचे, सेकंदाला २५ फ्रेमचे असले तरी अनेक हिंदी चित्रपटांच्या डीव्हीडी एनटीएससी पद्धतीच्या निघाल्या. तेथे सेकंदाला प्रत्यक्ष २९.९७ फ्रेम चालतात. मोजणी ३० ने केली तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक साठतो. दोन प्लेअरांमधील अंतर असे समप्रमाणात वाढत जात असेल तर संशय या मोजणीवर घ्यावा. काही चकत्यांवर वेळेनुसार उडी घेण्यास निर्मात्यानेच मनाई घातलेली असते, आणि नक्कल रोखण्यासाठी कमाल ९९ भागांपर्यंत खोटे भाग भरलेल्या चकत्याही निघाल्या, ज्यांत प्लेअर चुकीचाच भाग मुख्य समजतो.

म्हणून तक्रार समोर आली की आधी प्रकरणाच्या बटणाने पुढे-मागे जाऊन पाहावे. प्रकरणे नेमकी लागत असतील आणि केवळ वेळ चुकत असेल तर तो अंदाजाचा दोष आहे. प्लेअरची नवी आवृत्ती घेतल्याने तो बहुधा कमी होतो. प्रकरणावर जातानाही चित्र अडकत असेल, ड्राइव्हचा आवाज वाढत असेल, तरच चकती खराब झाल्याची शंका घ्यावी. वेळ जवळपास बरोबर असून अर्धा-एक सेकंद आधीचे चित्र लागत असेल तर तेथे काहीही बिघडलेले नाही: एककाच्या आरंभीच पूर्ण चित्र असते आणि प्लेअर तेथूनच सुरुवात करतो. पॅलमध्ये अशा पूर्ण चित्रापासून पुढची जास्तीत जास्त १५ चित्रे एकमेकांवर अवलंबून असतात.

ब्लू-रेने २००६ साली येताना प्रत्येक प्रवाहासोबत वेळशिक्का आणि जागा यांची थेट सांगड घालणारा तक्ता आणला, आणि २००२ पासून विकसित होत असलेल्या मात्रोस्का म्हणजे एमकेव्ही फाइलीतही अशी अनुक्रमणिका असते. डीव्हीडीचा कार्यक्रम आयएफओच्या नकाशानुसार एमकेव्हीमध्ये उतरवला की वेळशिक्के सलग होतात आणि उडी नेमकी पडते. चित्र-ध्वनीच्या फाइली रूपांतरित करणाऱ्या एफएफएमपेग या खुल्या सॉफ्टवेअरमध्येही २०२४ साली लिबडीव्हीडीनॅव्हच्या साहाय्याने डीव्हीडीची रचना समजून वाचण्याची सोय आली.

सांगलीत या कामाला एक निकडही आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले, आणि घरात भरलेली डीव्हीडी ज्या सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर लिहिली जाते तो थर ओल, ऊन आणि काळ यांपुढे टिकाऊ नाही. प्रती काढताना आधी पूर्ण चकतीची आयएसओ प्रत (सगळी चकती जशीच्या तशी एका फाइलीत) घ्यावी, कारण मेनू, प्रकरणे आणि तिन्ही नोंदी तीतच शाबूत राहतात. एमकेव्ही त्या प्रतीवरून तयार करावी. जुन्या वहीतील वेळा नव्या फाइलीला जशाच्या तशा लागू होणार नाहीत. तान, पद किंवा प्रवेश एकदा ऐकून नवी वेळ लिहावी आणि तिच्याशेजारी फाइलीचे नाव व मूळ चकतीवरील भाग आणि प्रकरण यांचे क्रमांक नोंदवावेत. मग तीच नोंद मिरजेतल्या विद्यार्थ्याला आणि पुण्यातल्या अभ्यासकाला एकाच जागी नेईल.