राखीव औषध सुरुवातीलाच का?

प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला आणि डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत केमोथेरपीचे नाव काढले, की आता सगळे संपले असे समजून घरचे लोक खचतात. या समजाला कारण आहे. २००४ पासून डोसेटॅक्सेल हे केमोथेरपीचे औषध हार्मोन उपचार निष्प्रभ ठरल्यावरच दिले जात असे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चार्टेड’ या अमेरिकी चाचणीने मात्र हा क्रम बदलला. तिच्यातील ७९० रुग्णांपैकी ज्यांना हार्मोन उपचारासोबत आरंभीच डोसेटॅक्सेलच्या सहा मात्रा मिळाल्या, त्यांचा मध्यक जीवनकाळ (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) सुमारे ५८ महिने होता; केवळ हार्मोन उपचार मिळालेल्यांचा तो ४४ महिने होता.

हार्मोन उपचार म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन रोखणे. ते रोखले की ही गाठ आक्रसते, हे शल्यचिकित्सक चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्येच दाखवले होते. परंतु काही पेशी त्या उपासमारीतही तग धरतात, आणि त्या मोजक्या असतानाच त्यांच्यावर दुसरा घाव घालावा, हा या जोडउपचारामागचा विचार आहे.

तो घाव बसतो पेशीतील सूक्ष्मनलिकांवर. ट्युब्युलिन या प्रथिनाच्या या नळ्या सतत जुळतात आणि सुटतात, आणि पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेतात. डोसेटॅक्सेल बीटा-ट्युब्युलिनला चिकटून नळ्यांचे सुटणेच थांबवते, त्यामुळे विभाजन अर्ध्यावर अडकते आणि पेशी मरते. याहून मनोवेधक गोष्ट अशी की, टेस्टोस्टेरॉनचा संदेश घेणारा अँड्रोजेन ग्राही डायनिन या वाहक प्रथिनाच्या मदतीने याच नळ्यांवरून केंद्रकाकडे जातो, आणि डोसेटॅक्सेल ज्यात मोडते त्या टॅक्सेन गटातील औषधे हा प्रवासही अडवतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. रुग्णाच्या शरीरात या दुसऱ्या परिणामाचा वाटा किती, यावर मात्र मतभेद आहेत.

हे औषध युरोपीय यू वृक्षाच्या सूचिपर्णांतून मिळणाऱ्या द्रव्यापासून बनवतात. त्या वृक्षाची पाने विषारी असतात. म्हणून ‘वनस्पतीपासून आले, म्हणजे निर्धोक’ असे सांगत कर्करोगावरचे काढे खपवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

हा उपचार सरसकट सर्वांसाठी नाही. ‘चार्टेड’मध्ये स्पष्ट लाभ झाला तो रोग यकृत, फुप्फुसासारख्या अवयवांत किंवा हाडांत अनेक ठिकाणी पसरलेल्यांना, मोजक्याच गाठी असलेल्यांत तो आढळला नाही. शिवाय डोसेटॅक्सेलमुळे रक्तातील, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. म्हणून मात्रेनंतरच्या दिवसांत ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला, तर घरी गोळी देऊन सकाळची वाट न पाहता रुग्णाला त्याच रात्री रुग्णालयात न्यावे.