एव्हरेस्टवरून आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरून: मिउरा वेगळे, कार्निचार वेगळे

एव्हरेस्टवरून स्कीइंग करत उतरलेला पहिला माणूस म्हणून जपानी स्कीपटू युइचिरो मिउरांचं नाव ठोकून देणारे लेख वाचून आता वैताग आला आहे. मिउरांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते: ६ मे १९७०, वेग आवरायला पाठीला बांधलेलं पॅराशूट, मग ऑस्कर मिळालेला माहितीपट. ती पुन्हा सांगत नाही.

सगळा घोळ त्या ‘वरून’मध्ये आहे. डोंगराच्या अंगावरून, की माथ्यावरून? मिउरा निघाले साउथ कोलपासून, म्हणजे एव्हरेस्ट आणि ल्होत्से या शिखरांमधल्या खिंडीतून, ७,९०० मीटरच्या आसपासून. माथा तिथून आणखी नऊशेहून जास्त मीटर वर. काटेकोर बोलायचं तर ज्या उतारावरून ते सुटले तो शेजारच्या ल्होत्सेचा. एव्हरेस्टच्या माथ्यावर ते पहिल्यांदा पोचले २००३ मध्ये, वयाच्या सत्तरीत, आणि तेही चढून. १९७० च्या धावेत अडीच मिनिटांच्या आत ते पडले, निळ्या बर्फावरून सुमारे ४०० मीटर घसरत गेले आणि हिमभेगेच्या अलीकडे कसेबसे थांबले. धाडस अफाटच, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण त्याच मोहिमेत हिमप्रपातात सहा शेर्पा मृत्युमुखी पडले, आणि हे कौतुकाच्या लेखांतून हमखास गळतं याचा मला राग आहे.

माथ्यापासून बेस कॅम्पपर्यंत, पायातली स्की न काढता, पहिल्यांदा उतरले ते स्लोव्हेनियाचे दावो कार्निचार. तारीख ७ ऑक्टोबर २०००, वेळ पावणेपाच तासांच्या आत. १९९६ च्या प्रयत्नात हिमदंशाने त्यांची बोटं गेली होती, तरी ते परत आले. मिउरांच्या धावेत प्रश्न होता वेग आवरण्याचा. कार्निचारना जवळपास साडेतीन हजार मीटर उतरताना प्रत्येक वळण नेमकं घ्यायचं होतं, तेही विरळ हवेत थकलेल्या पायांनी. माझ्या लेखी स्कीइंग म्हणून मोठी कामगिरी हीच.



आता २०२५ मध्ये पोलंडचे आंद्झेय बार्गिएलही माथ्यावरून बेस कॅम्पपर्यंत स्कीवर उतरले आणि त्यांनाही सरसकट ‘पहिला’ म्हणणं सुरू झालं आहे. ते पहिले आहेत कृत्रिम प्राणवायूशिवाय. हे दोन शब्द गाळलेत, तर कार्निचार दुसऱ्यांदा पुसले जातील.