गोव्याला किती तज्ज्ञ डॉक्टर लागतील? एका जुन्या हिशेबाची पार्श्वभूमी

पुढच्या वीस वर्षांत किती हृदयरोगतज्ज्ञ, किती भूलतज्ज्ञ, किती मनोविकारतज्ज्ञ लागतील, असा प्रश्न निघाला की आपल्याकडे आधी लोकसंख्या घेतली जाते आणि तिला एखाद्या ठरीव आकड्याने भागले जाते. ही सवय भोर समितीपासूनची. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करायला १९४३ मध्ये नेमलेल्या या समितीने १९४६ च्या अहवालात ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर असल्याचे नोंदवले आणि पंचवीस वर्षांत हे प्रमाण २,००० ला एक इथवर आणायचे उद्दिष्ट ठेवले. पुढे समित्या बदलल्या, आकडा बदलला. २०११ मध्ये सार्वत्रिक आरोग्यसेवेसाठी नेमलेल्या उच्चस्तरीय तज्ज्ञगटाने हजारी एक डॉक्टर हे लक्ष्य धरले. डॉक्टर किती हवेत यावर वाद झाले, पण कोणत्या विषयाचे किती हवेत हा प्रश्न त्या मानाने बाजूलाच राहिला.

भोर समितीच्या हिशेबात गोवा नव्हताच. इथे पोर्तुगीज राजवट होती आणि १८४२ पासून पणजीत वैद्यकीय शाळा चालत होती. तिथून शिकून बाहेर पडलेले कित्येक गोमंतकीय डॉक्टर मोझांबिक, अंगोला अशा आफ्रिकेतल्या वसाहतींच्या आरोग्यसेवेत गेले. खुद्द पोर्तुगालमध्ये बरोबरीने व्यवसाय करायचा, तर मात्र लिस्बन, पोर्तो किंवा कुइंब्रा इथे पुन्हा शिकावे लागे. माझ्या मते गोव्यातल्या डॉक्टरांचा पहिला हिशेब हा असा दुसऱ्यांच्या गरजेचा होता, आणि विशेष शिक्षणासाठी मुलांना बाहेर धाडायची रीतही तेव्हाच पडली. कोणी लिस्बनला गेले, कोणी मुंबईला. मुक्तीनंतर १९६३ मध्ये त्या शाळेच्या जागी गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपले गोमेकॉ, आले. पुढे ते बांबोळीला गेले आणि मांडवीकाठच्या जुन्या वास्तूत आता चित्रपट महोत्सवाची कचेरी आहे.

देशात तज्ज्ञ कसे तयार झाले, हे पाहिल्याशिवाय पुढचे अंदाज का फसतात ते कळत नाही. पदव्युत्तर जागा रोगांकडे पाहून ठरत नाहीत. एका विभागात प्राध्यापक किती, युनिट किती, खाटा किती, यावर त्या ठरतात. पूर्वी एका प्राध्यापकामागे एक विद्यार्थी असा नियम होता, तो नंतर दोन, तीन असा सैल होत गेला. परिणाम असा की ज्या विभागात शिक्षक आहेत तिथे जागा वाढतात. जिथे शिक्षकच नाहीत तिथे वाढत नाहीत, मग गावोगावी त्या आजाराचे रुग्ण कितीही असोत. २०१४ च्या आधी देशात पदव्युत्तर जागा ३१,१८५ होत्या, आज त्या सत्तर हजारांच्या वर आहेत. तरी ग्रामीण भागातल्या सामूहिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञांची सुमारे ऐंशी टक्के कमतरता सरकारी आकडेवारीतच दिसत आली आहे. दुसरीकडे जागा रिकाम्या राहतात म्हणून २०२३ मध्ये नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची पात्रता थेट शून्य पर्सेंटाइलवर, म्हणजे परीक्षा दिलेला कोणीही पात्र इथवर, आणावी लागली. एकाच देशात, एकाच काळात दोन्ही!

वेळेचे गणित आणखी कठीण आहे. एमबीबीएसची साडेचार वर्षे, इंटर्नशिपचे एक, एमडी किंवा एमएसची तीन, पुढे डीएम ही अतिविशेष पदवी केली तर आणखी तीन. आज बारावीनंतर शिकू लागलेला मुलगा अकरा-साडेअकरा वर्षांनी हृदयरोगतज्ज्ञ होणार, तोही मध्ये एकही वर्ष वाया गेले नाही तर. म्हणजे आज जागा वाढवायच्या त्या आजच्या रुग्णांच्या रांगेसाठी नव्हेत.

श्रीमंत देशांनी हे काम जास्त शास्त्रोक्त पद्धतीने केले, तरी तेही चुकले. ब्रिटनमध्ये १९५७ च्या विलिंक समितीने डॉक्टर जास्त होतील या भीतीने वैद्यकीय प्रवेश दहाव्या हिश्शाने कमी करायला सांगितले. थोड्याच वर्षांत तुटवडा पडला आणि तो भरून काढायला भारत-पाकिस्तानातले डॉक्टर तिकडे गेले. तिकडचा अंदाज चुकला, त्याची किंमत इकडच्या वॉर्डांनी मोजली. अमेरिकेत १९८० मध्ये एका राष्ट्रीय समितीने विषयवार बारकाईने गणित मांडून १९९० साली सत्तर हजार डॉक्टर जादा होतील असे भाकीत केले. पंचवीसेक वर्षांत तिथल्याच वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना प्रवेश तीस टक्क्यांनी वाढवा म्हणू लागली. नेदरलँड्सने १९९९ पासून वेगळी वाट धरली. तिथली संस्था एकदाच मोठे भाकीत करत नाही. काही वर्षांनी पुन्हा मोजते, निवृत्त होणारे किती, अर्धवेळ काम करणारे किती हे धरते आणि विषयवार प्रवेशाचा सल्ला सुधारते. मला यातली चिकाटी महत्त्वाची वाटते, सूत्र नव्हे.

गोव्यात तर भागाकारातला वरचा आकडा, म्हणजे लोकसंख्याच, हलता आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १४ लाख ५८ हजार. पण बांबोळीच्या ओपीडीत सिंधुदुर्ग आणि कारवारचे रुग्ण वर्षानुवर्षे येतात. जानेवारी २०१८ पासून परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आंदोलन पेटले. ती माणसे जनगणनेत गोव्याची नाहीत, खाटेवर मात्र आहेत. शिवाय वर्षाला कोटीच्या घरात पर्यटक. त्यांचे अपघात, बुडणे, हृदयविकाराचे झटके इथल्याच इस्पितळांत येतात. उलट, पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात गेलेल्या मुलांचे म्हातारे आईवडील गावी राहिले आहेत. लोकसंख्येचा आकडा तोच राहील, पण त्यांच्या घरी आजारपण आले की धावणारे कोणी नाही.

रोगांचे चित्रही पालटले. २०११ मध्येच साठीपुढची माणसे ११.२ टक्के होती, केरळच्या खालोखाल. एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुले, २०१९-२१ च्या पाहणीत १.३ वर आला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहाचे प्रमाण गोव्यात २६.४ टक्के, देशात सर्वाधिक. सामूहिक केंद्रांसाठी सरकारी निकष मात्र सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ या चौकडीभोवतीच बांधले गेले. पाळणे कमी आणि डायलिसिसची यंत्रे जास्त अशा राज्यात ही चौकडी कितपत लागू पडते, हे कोणीतरी विचारायला हवे. वृद्धरोगशास्त्रात एमडी देशात चेन्नईला १९९६ मध्ये सुरू झाले, पण या विषयाच्या जागा अजून मोजक्याच आहेत.

गरज घटवणारा अनुभवही गोव्यानेच दिला. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये इथे सुरू केलेल्या ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित बिगरडॉक्टर समुपदेशक बसवून नैराश्याच्या रुग्णांवर चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना फायदा झाल्याचे दिसले. हे काम मोठ्या प्रमाणावर झाले, तर मनोविकारतज्ज्ञांचा अंदाज बदलेल. गंभीर रुग्णांसाठी ते हवेतच, पण प्रत्येक उदास माणसामागे एक तज्ज्ञ असा भागाकार उरणार नाही.

आता यात २०२५ ची भर पडली आहे. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारीला सांगितले. त्याच महाविद्यालयात शिकलेल्यांना मर्यादित प्राधान्य देण्याची मुभा राहिली. म्हणजे गोमेकॉत जागा वाढल्या तरी तिथून तयार होणारा तज्ज्ञ पेडण्यात किंवा काणकोणात थांबेल असे धरून कागदावर आकडा मांडता येणार नाही. जागा किती आणि थांबणारे किती, हे दोन वेगळे रकाने ठेवावे लागतील.