बोव्हेचे कॅथीड्रल: उंचीचा हिशेब

उत्तर फ्रान्समधील बोव्हे येथील सेंट पीटर कॅथीड्रल अपुरे आहे. वेदीभोवतीचा पूर्वेकडील भाग आणि त्याला छेदणारा आडवा भाग एवढेच उभे राहिले. भाविकांसाठीचा पश्चिमेकडील लांब दालनाचा भाग कधी बांधलाच गेला नाही, आणि त्याच्या जागेवर दहाव्या शतकाच्या सुमाराचे जुने, बुटके चर्च आजही तग धरून आहे.

आधीची इमारत आगीत सापडल्यावर १२२५ साली बिशप मिलो द नांतय यांच्या काळात काम सुरू झाले. १२७२ पर्यंत पूर्वेकडील भाग पुरा झाला आणि त्याचे दगडी कमानदार छत सुमारे ४८ मीटरवर पोहोचले. शेजारच्या आमियाँ शहरातील कॅथीड्रलचे छत ४२ मीटरच्या आसपास आहे. मात्र बारा वर्षांनी, २९ नोव्हेंबर १२८४ रोजी, छताचा काही भाग कोसळला.

दगड भाराने चिरडला असेल, अशी शंका येणे साहजिक आहे. पण अशा खांबांतील दाब दगडाच्या क्षमतेच्या मानाने अगदी थोडा असतो. खरी अडचण आडव्या रेट्याची असते. कमान खालच्या भिंतींना बाहेर ढकलते, उंच छपरावर वारा आदळतो आणि हा सगळा रेटा अधांतरी कमानींमधून बाहेरच्या धिऱ्यांकडे, म्हणजे भिंतीला टेका देणाऱ्या दगडी खांबांकडे, न्यावा लागतो. अभियंता रॉबर्ट मार्क यांनी प्लास्टिकच्या पारदर्शक प्रतिकृतीवर भार देऊन ती ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशात पाहिली. ताण जिथे दाटतो तिथे अशा प्रतिकृतीत पट्टे दाट होतात. त्यावरून त्यांनी दोष वाऱ्याच्या रेट्याने तडकलेल्या मधल्या धिऱ्यांकडे दाखवला. अभियंता जॅक हेमन यांनी मात्र सावकाश सुकणाऱ्या चुन्यामुळे खांब खचून भार भलत्याच बारीक खांबांवर गेला असावा, असे मांडले. मला दोन्ही कारणे एकमेकांना पूरक वाटतात.

दुरुस्तीत खांबांच्या मधोमध नवे खांब घालून अंतरे निम्मी केली गेली. पुढे युद्धांमुळे काम रेंगाळले आणि आडव्या भागाला १५०० साली मार्तें शांबिज यांच्या हाताखाली सुरुवात झाली. त्यानंतरचा निर्णय मात्र धाडसाचा नव्हे, अविचाराचा म्हणावा लागेल: पश्चिमेचे दालन बांधायचे सोडून मध्यभागी सुमारे १५३ मीटर उंचीचा मनोरा उभारण्यात आला, आणि तो १५६९ मध्ये पुरा झाला. त्याच्या खालच्या चार खांबांना पूर्वेकडून आधार होता, पश्चिमेकडून काहीच नव्हते. खांब कलल्याचे १५७१ च्या पाहणीत दिसले होते. तरी उपाय लांबत गेला आणि ३० एप्रिल १५७३ रोजी मनोरा कोसळला. लोक सणाच्या मिरवणुकीसाठी बाहेर पडले होते, म्हणून मोठी प्राणहानी टळली.

विसाव्या शतकात धिऱ्यांना बांधणाऱ्या लोखंडी सळ्या अनावश्यक समजून काढल्या गेल्या. वाऱ्याने इमारत हलू लागल्यावर पोलादी सळ्या बसवाव्या लागल्या. आडव्या भागाच्या आत नव्वदच्या दशकात उभारलेला लाकूड-पोलादाचा भक्कम टेकू म्हणजे त्याच हिशेबाची पुढची दुरुस्ती.