इंग्रजी वाक्यरचना आणि भाषांतर (सोलापूरच्या संदर्भात)

मराठी वाक्याचे इंग्रजी किंवा इंग्रजीचे मराठी करताना शब्दाला शब्द न लावता, वाक्यातली नाती ओळखून ती दुसऱ्या भाषेच्या नियमांनी पुन्हा बांधण्याची रीत. मराठी शाळांत इंग्रजी पूर्वी पाचवीपासून असे. २००० साली ते पहिलीपासून सुरू झाले. सोलापुरात मात्र अनेक मुलांसाठी शाळेतली मराठी हीच घराबाहेरची भाषा असते. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरी तेलुगू, अक्कलकोटकडच्या कित्येक घरांत कन्नड, काही मोहल्ल्यांत दखनी उर्दू बोलतात. अशी मुले इंग्रजीच्या तासाला बसण्याआधीच रोज भाषांतर करत असतात, आणि ही त्यांची मोठी शिदोरी आहे.

मराठीत कोणी काय केले हे विभक्ती सांगते. ‘शिक्षकांनी मुलाला बोलावले’ आणि ‘मुलाला शिक्षकांनी बोलावले’ यांत भर बदलतो, अर्थ नाही. इंग्रजी नामांना असे प्रत्यय जवळजवळ उरलेले नाहीत. तिथे कर्ता कोण हे जागेवरून ठरते. ‘द टीचर कॉल्ड द बॉय’ यातली दोन नामे अदलाबदल केली की मुलगाच शिक्षकांना बोलावतो. म्हणून आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म आणि कुठे-केव्हा हे बहुधा शेवटी, असा क्रम लावावा लागतो. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या चारही भाषांत क्रियापद सहसा शेवटी येते, तेव्हा ही सवय सगळ्यांनाच लावून घ्यावी लागते.

खरी गंमत ‘मला’ने सुरू होणाऱ्या वाक्यांत आहे. मला ताप आहे, मला भूक लागली, मला पोहता येते, मला दोन भाऊ आहेत, मला जायचे आहे. पाचही ठिकाणी मराठीने माणसाला चतुर्थीत बसवले आहे. तेलुगूत ‘नाकु’, कन्नडमध्ये ‘ननगे’, दखनीत ‘मेरेकू’ हेच काम करतात. इंग्रजी मात्र त्या माणसाला सरळ कर्ता करते आणि अर्थाप्रमाणे क्रियापद निवडते: आय हॅव अ फीव्हर, आय ॲम हंग्री, आय कॅन स्विम, आय हॅव टू ब्रदर्स, आय वाँट टू गो. ‘मला म्हणजे टू मी’ असे पाठ केलेला विद्यार्थी इथे हमखास अडतो. ताबा, अवस्था, क्षमता, नाते की इच्छा, हे आधी विचारले की क्रियापद आपोआप सापडते. शिकवणीत एक पूर्ण आठवडा या एकाच प्रकारावर घालवला तरी तो वाया जाणार नाही.

भूतकाळात चित्र थोडे बदलते. ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी भाकरी खाल्ली’ असे मराठी क्रियापद कर्माप्रमाणे फिरते आणि तृतीय पुरुषी कर्त्याला ‘ने’ लागतो. इंग्रजीत ‘एट’ कशानेच बदलत नाही, आणि ‘ने’साठी काही लिहायचेही नसते. तेलुगू-कन्नडमध्ये ही कर्मणी रचना नाही. त्यामुळे मराठीचा ‘ने’ ज्या मुलाला छळतो, त्याला इंग्रजी भूतकाळ उलट सोपा वाटू शकतो. हे शिक्षकांनी वर्गात मुद्दाम दाखवून द्यावे.

काळवाचक शब्दांत चुका वारंवार दिसतात. ‘सोमवारी’, ‘जानेवारीत’, ‘पाच वाजता’ यांसाठी अनुक्रमे ऑन, इन, ॲट येतात: गड्ड्याची यात्रा (सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा) इन जानेवारी, पण संक्रांतीच्या ठरावीक दिवशी ऑन. ‘मी पाच वर्षांपासून सोलापुरात राहतो’ याचे ‘आय ॲम लिव्हिंग इन सोलापूर सिन्स फाइव्ह इयर्स’ असे भाषांतर सर्रास ऐकू येते. मराठी इथे साधा वर्तमानकाळ वापरते, तर प्रमाण इंग्रजीला ‘आय हॅव लिव्ह्ड इन सोलापूर फॉर फाइव्ह इयर्स’ लागते. मुदतीला ‘फॉर’, सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’. प्रश्नात मराठीचा शेवटचा ‘का’ जाऊन ‘डू’, ‘डज’ किंवा ‘डिड’ पुढे येतो, आणि ‘डिड’ आला की मूळ क्रियापद भूतकाळात ठेवायचे नाही. उपपदांपैकी अ आणि ॲन हे स्पेलिंगवर नव्हे, उच्चारावर ठरतात: ॲन अवर, पण अ युनिव्हर्सिटी.

दहावीच्या इंग्रजी कृतिपत्रिकेत शब्द, वाक्ये व म्हणी माध्यमभाषेत आणण्याचा प्रश्न असतो. त्याला अनेकजण हलके समजतात, पण कस खरा इथेच लागतो. एका ‘यू’चे तू, तुम्ही की आपण करायचे, हे बोलणाऱ्यांचे नाते पाहून ठरवावे लागते, आजीशी बोलणारा नातू आणि दुकानदाराशी बोलणारे गिऱ्हाईक यांचे ‘यू’ एक नव्हे. ‘वी’चे आम्ही की आपण, हेही तसेच. तेलुगू घरातल्या मुलाला ‘मेमु’ (आम्ही) आणि ‘मनमु’ (आपण) यांतला फरक अंगवळणी असल्याने तो इथे सहसा चुकत नाही. म्हणींत तर शब्द सोडूनच द्यावे लागतात: ‘अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स’ला ‘वाईट कामगार हत्यारांना दोष देतो’ हे उत्तर चुकीचे नाही, पण ‘नाचता येईना अंगण वाकडे’ लिहिणाऱ्याने दोन्ही भाषा वाचलेल्या असतात.