हबल आणि वेब: एकीचा दिवस एसटीसारखा, दुसरीचा वडापसारखा

परवा संध्याकाळी सात वाजता आम्ही जुळे सोलापुरातल्या घराच्या गच्चीवर उभे होतो. मोबाइलमध्ये वेळ बघूनच वर गेलो होतो. पश्चिमेकडून एक ठिपका वर आला. विमानासारखी उघडझाप नाही, आवाज नाही. एका चालीनं पूर्वेकडं निघाला. नववीतली भाची ओरडली, "मामा, ते बघ, जेम्स वेब!"

ती हबल होती, वेबपेक्षा वेगळी अवकाश दुर्बीण. चूक एकट्या भाचीची नाही. पेपरात, व्हॉट्सअ‍ॅपवर, शाळेच्या भित्तिपत्रकावर ही दोन नावं इतकी सरमिसळ होऊन येतात की बहुतेकांच्या मनात दुर्बीण एकच असते: नासाची, वर कुठंतरी फिरणारी, रंगीत फोटो काढणारी.

आधी जागा बघू. हबल एप्रिल १९९० मध्ये वर गेली. ती जमिनीपासून पाचशे किलोमीटरच्या आसपास उंचीवर आहे, म्हणजे आपल्याकडून मुंबई जेवढी लांब, त्याहून थोडीच जास्त. तिची कक्षा विषुववृत्ताशी साडेअठ्ठावीस अंशांनी कललेली आहे. सोलापूर साडेसतरा अंशांच्या जरा वर येतं, म्हणून ती कधीकधी अगदी आपल्या डोक्यावरून जाते. लंडनवाल्यांच्या डोक्यावरून कधीच जात नाही. वेब मात्र पृथ्वीभोवती फिरतच नाही. २५ डिसेंबर २०२१ ला निघालेली ही दुर्बीण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, चंद्राच्या जवळजवळ चौपट अंतरावर आहे. सूर्य एका बाजूला आणि त्याच्या बरोबर उलट्या बाजूला एक बिंदू, त्या बिंदूभोवती घिरट्या घालत ती पृथ्वीच्या जोडीनं सूर्याची प्रदक्षिणा करते. नुसत्या डोळ्यांना ती दिसायची नाही, नान्नजच्या अंधाऱ्या माळावरूनसुद्धा नाही.

हबलला एका फेरीला सुमारे ९५ मिनिटं लागतात. आपला एक दिवस म्हणजे तिच्या पंधरा फेऱ्या, पंधरा सूर्योदय, पंधरा सूर्यास्त. आता तिची अडचण बघा. ज्या दीर्घिकेकडं ती टक लावून बसलेली असते, तिच्या आड दर फेरीत खुद्द पृथ्वीच येते. बहुतेक लक्ष्यं फेरीतला जवळपास अर्धा वेळ झाकलेली राहतात. शिवाय ब्राझील आणि दक्षिण अटलांटिकच्या वर असा एक भाग आहे, जिथं पृथ्वीचं चुंबकीय कवच कमजोर पडतं आणि भारित कणांचा मारा वाढतो. तिथून जाताना निरीक्षणं थांबवावी लागतात. साधारण १५ टक्के वेळ त्यातच जातो. आणि वळणंही सावकाश: नव्वद अंश फिरायला पंधरा मिनिटं, म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा फिरतो त्याच गतीनं.

इतक्या अडथळ्यांतून काम काढायचं तर ते आधीच मिनिटामिनिटाला बांधून ठेवावं लागतं. बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये हबलचं वेळापत्रक आठवड्याच्या हिशेबानं तयार होतं. कधी वळायचं, कॅमेऱ्याची झडप कधी उघडायची, कधी मिटायची, सगळं घड्याळावर. आपल्या स्टँडवरची एसटी भरो न भरो, वेळ झाली की सुटते, तसंच हे. दुर्बीण स्थिर धरण्यासाठी ठरवलेला मार्गदर्शक तारा सापडला नाही, तर तेवढी वेळ बुडते. पुढचं काम पुढच्या वेळीच सुरू होतं.

वेबचं चालतं वडापसारखं. वडाप घड्याळ बघून सुटत नाही. सीटा भरल्या की निघते. वेबला बाल्टिमोरहून कामांची यादी पाठवतात, आणि प्रत्येक कामाला "लवकरात लवकर केव्हा, उशिरात उशिरा केव्हा" एवढीच मुदत असते. एक निरीक्षण संपलं की ती स्वतःच पुढचं हाती घेते. मार्गदर्शक तारा सापडला नाही तर ते काम सोडून देते आणि यादीतल्या पुढच्या नावाकडं वळते. वाट बघत बसत नाही. हे तिला परवडतं, कारण तिच्या आड दर तासाभरानं पृथ्वी येत नाही. तिला रात्रच नाही. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र कायम तिच्या एकाच अंगाला असतात.

त्या अंगाला तिनं सावली धरली आहे. पाच पदरांचा पडदा, टेनिसच्या मैदानाएवढा. सावलीची किंमत मे महिन्यात चव्वेचाळीस अंश सोसणाऱ्या सोलापूरकरांना वेगळी सांगायला नको, पण वेबच्या सावलीचं कारण आणखी खोल आहे. ती पाहते तो मुख्यतः अवरक्त प्रकाश, आणि कोणतीही ऊबदार वस्तू तोच प्रकाश सोडत असते. दुर्बीण स्वतःच कोमट राहिली तर स्वतःच्याच उजेडानं आंधळी होईल. म्हणून तिचा आरसा उणे २२० अंशांच्याही खाली ठेवला आहे. हबलचा आरसा साधारण आपल्या खोलीच्या तापमानाला असतो, कारण तिचं मुख्य काम दृश्य आणि अतिनील प्रकाशात चालतं.

पडद्याची पाठ सूर्याकडून हलवायची नाही, त्यामुळं कोणत्याही क्षणी वेबला आकाशाचा सुमारे ३९ टक्के भागच बघता येतो. वर्षभरात सगळं आकाश तिच्या पुढून जातं, पण आपापल्या वेळेला. डाळिंबाचा जसा बहार धरावा लागतो, तसा वेबच्या बहुतेक लक्ष्यांना हंगाम असतो आणि तो हुकला तर पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागतं. चंद्र आणि शुक्र तर तिला कधीच बघता येणार नाहीत. हबलनं दोन्ही पाहिलेत.

माहिती खाली आणण्याची तऱ्हाही निराळी. हबल जवळ आहे. तिचं बोलणं दळणवळणाच्या उपग्रहांमार्फत न्यू मेक्सिकोतल्या केंद्रात उतरतं. वेबसाठी कॅलिफोर्निया, स्पेन आणि ऑस्ट्रेलियातल्या अजस्र अँटेना लागतात, आणि त्या इतर अवकाशयानांनाही वाटून द्याव्या लागतात. त्यामुळं वेबला दिवसातून काही तासांच्याच पाळ्या मिळतात. तिची साठवण ७० जीबीच्या आत, भाचीच्या मोबाइलपेक्षाही कमी. आमच्या घरात हे सगळ्यात पटकन आईला कळलं. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. पाणी आलं की हौद, पिंप, घागरी भरून घ्यायच्या आणि पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचं. "म्हणजे आपल्या उलट," आई म्हणाली, "तिला पाळी आली की हौद रिकामा करायचा." अगदी तेच. हौद वेळेत रिकामा झाला नाही तर नवं निरीक्षण ठेवायला जागाच उरत नाही.

वेब आली म्हणजे हबल निवृत्त झाली, हाही एक पक्का गैरसमज. हबलची अंतराळवीरांनी पाच वेळा जाऊन दुरुस्ती केली, शेवटची २००९ मध्ये. वेबपर्यंत दुरुस्तीला कुणी जाऊ शकत नाही. हबलचे जायरोस्कोप, म्हणजे ती किती वळली ते मोजणारी यंत्रं, एकेक करून थकले, आणि जून २०२४ पासून ती एकाच जायरोवर निरीक्षणं करते आहे. अतिनील प्रकाशातलं तिचं काम वेबला करताच येत नाही. २६ सप्टेंबर २०२२ ला डार्ट यान डिमॉर्फस नावाच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं, तेव्हा दोघींनी पहिल्यांदाच एका वेळी एकाच लक्ष्याकडं पाहिलं. मला ती घटना फार आवडते.

फोटो हातात आला तर ओळखायचं कसं? ठळक ताऱ्यांकडं बघा. हबलमध्ये दुय्यम आरसा धरणारे चार दांडे फुलीसारखे आहेत, म्हणून तिच्या ताऱ्यांना चार टोकं फुटतात. वेबचा आरसा अठरा षटकोनी तुकड्यांचा आणि दांडे तीन, म्हणून तिथं सहा मोठी टोकं आणि आडवी दोन बारीक. रंग मात्र दोघींकडचे नंतर भरलेले. वरून येतात त्या वेगवेगळ्या गाळण्यांतून घेतलेल्या काळ्यापांढऱ्या प्रतिमा.

गच्चीवरचा ठिपका पूर्वेकडं झुकला आणि क्षितिजाच्या बराच वर असतानाच मंद होत विझला. भाचीला वाटलं ढग आला. ढग नव्हता. हबल पृथ्वीच्या सावलीत शिरली होती, आणि पुढचा अर्धा तास ती सौरपट्ट्यांवर नाही, सहा बॅटऱ्यांवर चालणार होती. मी हे सांगेपर्यंत भाचीनं मोबाइलचा वॉलपेपर उघडून बोटांनी मोठा केला होता आणि एका ताऱ्याची टोकं मोजत होती. सहा मोठी, दोन बारीक.